खालच्या मजल्यावरचे तापमान

दरवर्षी जूनच्या अखेरीस, पावसाने वर्गाच्या खिडक्यांच्या चौकटी फुगून दारे नीट लागेनाशी झालेली असताना, मी पहिल्या वर्षाच्या मुलांना ऊष्मागतिकीचा शून्यावा नियम शिकवत असे. फळ्यावर तीन चौकोन काढायचे, त्यांना अ, ब आणि क अशी नावे द्यायची, आणि सांगायचे की अ आणि क यांच्यात उष्णतेचा समतोल असेल, ब आणि क यांच्यातही असेल, तर अ आणि ब यांच्यातही तो असतोच. यातला क म्हणजे आपला तापमापी. मग मी एक वाक्य सावकाश लिहून देत असे : ‘समतोलात असलेल्या सर्व वस्तूंचे तापमान सारखे असते.’ सव्वीस वर्षांत मी हे वाक्य किती वह्यांत उतरवले असेल, याचा हिशेब नाही.

एका वर्षी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “सर, दोन भांडी वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवली असतील, तरीही?” मी म्हणालो, “मजल्याचा इथे काय संबंध? दोन्हींना जोडणारी तांब्याची तार लाव, पुरेसा वेळ दे, दोन्ही सारखी होतील.” तिने मान हलवली आणि ते लिहून घेतले. तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चूक होते, हे मला कळायला आणखी नऊ वर्षे जावी लागली. एका उजळणी वर्गासाठी सापेक्षतेवरचे जुने लेखन चाळताना रिचर्ड टोलमन यांचा १९३० सालचा निष्कर्ष माझ्या वाचनात आला, आणि त्या दुपारी पुढचे काही वाचणे मला जमले नाही.

टोलमन यांचा युक्तिवाद पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल इतका सरळ आहे. एका उंच मनोऱ्याच्या तळाशी एक भांडे आहे, माथ्यावर दुसरे आहे, आणि दोन्हींचे तापमान अगदी सारखे आहे असे समजू. दोन्ही भांडी उष्णतेचा प्रकाश टाकत असतात. वरून खाली येणारा प्रकाश गुरुत्वाकर्षणात उतरताना ऊर्जा मिळवतो, खालून वर जाणारा ती गमावतो. हे केवळ कागदावरचे नाही : पाउंड आणि रेब्का यांनी १९६० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या इमारतीत साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात गॅमा किरणांच्या साहाय्याने हा फरक मोजला, आणि तो एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांत अडीच भाग एवढा भरला. तेव्हा तापमान सारखे असेल, तर खालचे भांडे जितके देते त्याहून थोडे अधिक घेते आणि आपोआप तापत जाते; त्या तापलेल्या भांड्यावर एखादे इंजिन चालवून फुकटात काम करून घेता येईल आणि असे फुकटचे काम मिळत नाही, असे सांगणारा ऊष्मागतिकीचा दुसरा नियम कोसळेल. तो कोसळू द्यायचा नसेल, तर समतोलातच खालचे भांडे वरच्यापेक्षा किंचित गरम असले पाहिजे. प्रकाशाऐवजी तांब्याची तार वापरली तरी उत्तर तेच येते, कारण ते वेगळे आले असते, तर तार आणि प्रकाश यांच्या जोडीवर तेच फुकटचे इंजिन चालवता आले असते.

टोलमन आणि पॉल एरनफेस्ट यांनी याच वर्षी हे सूत्रात मांडले. एखाद्या स्थिर गुरुत्वक्षेत्रात प्रत्येक ठिकाणचे तापमान आणि त्या ठिकाणच्या घड्याळाची गती यांचा गुणाकार सर्वत्र सारखा असतो. जिथे घड्याळ मंद चालते तिथे तापमान अधिक. माझ्या वाक्यात ‘सारखे’ या शब्दापाशी खोट होती. सारखे राहते ते तापमान नव्हे, तर तापमान आणि घड्याळ मिळून होणारी राशी. वक्र अवकाशकालाच्या, म्हणजे अवकाश आणि काळ मिळून होणाऱ्या, गुरुत्वाने वाकलेल्या पटाच्या ऊष्मागतिकीत पुढे जे जे विलक्षण निघाले, ते सगळे मला या एका ओळीत आधीच दडलेले दिसते. म्हणूनच ही ओळ कृष्णविवरांच्या कितीतरी आधी शिकवली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कृष्णविवरांची कथा प्रिन्स्टनमध्ये एका चहाच्या कपापासून सुरू होते. जॉन व्हीलर यांनी आपला विद्यार्थी जेकब बेकेनस्टीन याला सांगितले की गरम चहाचा कप थंड कपाशेजारी ठेवून मी विश्वातली एन्ट्रॉपी, म्हणजे आतली मांडणी किती प्रकारे होऊ शकते याच्या मोजदादीतून येणारे अव्यवस्थेचे माप, वाढवतो, हा एक प्रकारचा गुन्हाच. पण एखादे कृष्णविवर जवळून जात असेल आणि दोन्ही कप मी त्यात टाकले, तर गुन्ह्याचा पुरावाच नाहीसा होतो. बेकेनस्टीन यांना ते मान्य होईना. कृष्णविवराच्या क्षितिजाचे, म्हणजे ज्याच्या आतून काहीच परत येऊ शकत नाही त्या सीमेचे, क्षेत्रफळ कधीच कमी होत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली दाखवले होते. बेकेनस्टीन यांनी १९७२ साली सुचवले की हे क्षेत्रफळच कृष्णविवराची एन्ट्रॉपी आहे. कप आत गेले की क्षितिज वाढते आणि गुन्ह्याची नोंद तिथे राहते.

हॉकिंग यांना ते पटले नव्हते. बार्डीन, कार्टर आणि हॉकिंग यांनी १९७३ साली कृष्णविवरांच्या यांत्रिकीचे चार नियम मांडले आणि ते ऊष्मागतिकीच्या चार नियमांशी ओळीला ओळ जुळत होते. त्यातला शून्यावा नियम असा : स्थिर झालेल्या कृष्णविवराच्या क्षितिजावर पृष्ठीय गुरुत्व, म्हणजे तिथल्या गुरुत्वाच्या ओढीचे माप, सर्वत्र सारखे असते. तापमानाच्या जागी पृष्ठीय गुरुत्व बसत होते. तरीही, हे साम्य वरवरचे आहे आणि कृष्णविवराचे खरे तापमान शून्यच मानले पाहिजे, असे तिघांनी त्याच निबंधात बजावले. ज्यातून काहीच बाहेर पडत नाही, ते गरम कसे असेल? वर्षभरातच, १९७४ साली, हॉकिंग यांनी क्षितिजाजवळच्या क्वांटम क्षेत्रांचे गणित केले आणि विवरातून उष्णतेचे प्रारण बाहेर पडते असे त्यांना आढळले. स्वतःच्या निष्कर्षाविरुद्ध जाणारे उत्तर त्यांनी दडवले नाही. त्यांच्या साऱ्या कामात मला सर्वांत आदर वाटतो तो याचा.

आकडे पाहिले की या तापमानाची जात कळते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा सुमारे सोळा दशलक्षावा भाग. विश्वात पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाचे तापमान २.७ अंश आहे, म्हणजे असे विवर आज देण्यापेक्षा घेतेच अधिक. प्रारणाइतके गरम होण्यासाठी विवराचे वस्तुमान चंद्राहूनही कमी हवे आणि त्याची त्रिज्या मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान हवी. उलट एन्ट्रॉपी अवाढव्य : सूर्याएवढ्या विवराची एन्ट्रॉपी आजच्या सूर्याच्या एन्ट्रॉपीच्या एकावर एकोणीस शून्ये इतक्या पटींची आहे.

पण हे सोळा दशलक्षाव्या भागाचे तापमान कुणाचे? अतिशय दूर उभ्या असलेल्या निरीक्षकाचे. इथे टोलमन यांची ओळ परत येते. क्षितिजाच्या दिशेने जावे तसे स्थिर ठेवलेले घड्याळ मंद होत जाते आणि क्षितिजापाशी ते जवळपास थांबते; म्हणून तिथे यानाची इंजिने चालवून एका जागी तरंगत राहिलेल्या निरीक्षकाचा तापमापी चढतच जातो आणि त्याला वरची मर्यादा नाही. त्याच ठिकाणाहून मुक्तपणे पडत जाणाऱ्या निरीक्षकाला मात्र ही भट्टी जाणवत नाही. विल्यम अनरू यांनी १९७६ साली हे कृष्णविवराशिवायही दाखवले : रिकाम्या, सपाट अवकाशात त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाला पोकळी गरम भासते. पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतके त्वरण असेल, तर हे तापमान एका अंशाला एकावर वीस शून्यांनी भागून चारने गुणल्याएवढे येते. आकडा नगण्य आहे, पण माझ्यासारख्या शिक्षकाच्या मनातल्या तापमानाच्या कल्पनेला तो मुळापासून हलवतो. तापमान वस्तूला असते, असे आपण बोलतो आणि मानतो. इथे वस्तूच नाही. आहे तो केवळ पाहणारा, त्याचे घड्याळ आणि त्याला ज्यापलीकडचे दिसत नाही असे एक क्षितिज.

काळ आणि तापमान यांचे हे नाते गणितात आणखी उघडे पडते. क्वांटम सिद्धांतात समतोलाचे गणित करताना काळाच्या जागी काल्पनिक संख्येतला काळ घेतला, तर तो वर्तुळासारखा फिरून पुन्हा त्याच जागी येतो, आणि त्या फेरीची लांबी जितकी कमी तितके तापमान अधिक. गिबन्स आणि हॉकिंग यांनी १९७७ साली हाच मार्ग कृष्णविवराला लावला. काळ असा वळवला की क्षितिज हे कागदाच्या मधल्या बिंदूसारखे होते आणि काळ त्या बिंदूभोवतीचा कोन होतो. कागदाचा शंकू होऊन मध्ये टोक राहू नये असे वाटत असेल, तर कोन नेमका ३६० अंशांचाच हवा. त्या एका अटीतून काळाच्या फेरीची लांबी ठरते आणि हॉकिंग यांचेच तापमान मिळते, कणांचे गणित न करता. मी हे पहिल्यांदा पडताळून पाहिले, तेव्हा खरोखरच कागदाचे कात्रण करून त्याचा शंकू वळवला होता. तो अजून त्या वहीत आहे.

कृष्णविवर समतोलात राहू शकते का, हा यापुढचा प्रश्न, आणि तो अवघड आहे. विवराने ऊर्जा दिली की वस्तुमान घटते आणि तापमान वाढते. घेतली की ते थंड होते. त्याची उष्माधारकता ऋण आहे. हे विचित्र वाटले, तरी गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या ताऱ्यांच्या समूहांतही असेच घडते, हे आधीपासून माहीत होते : समूहाने ऊर्जा गमावली की तो आकुंचन पावतो आणि आतले तारे अधिक वेगाने धावू लागतात. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत आलेले थाणू पद्मनाभन यांनी १९९० साली अशा गुरुत्वीय प्रणालींच्या सांख्यिकीय यांत्रिकीवर लिहिलेला विस्तृत आढावा मी या विषयात शिरण्यासाठी आजही सुचवतो. अशा विवराला प्रारणात मोकळे ठेवले, तर ते एक तर वाढत जाते किंवा बाष्पीभवन होऊन संपते. मध्ये थांबत नाही. या बाष्पीभवनाचे चित्र काढायला अभ्यासक जो अवकाशकाल वापरतात, तो प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली प्रकाश ओतणाऱ्या ताऱ्यासाठी मांडला होता, बनारसला विष्णु वासुदेव नारळीकर यांच्याकडे संशोधन करत असताना. जयंत नारळीकरांचे वडील म्हणून त्यांना ओळखणाऱ्या मराठी वाचकांना हा धागा ठाऊक असावा, असे मला मनापासून वाटते.

विवराला समतोलात बसवायचे तर त्याला पेटीत ठेवले पाहिजे, आणि अशी पेटी भूमितीच पुरवू शकते. विश्वस्थिरांक म्हणजे रिकाम्या अवकाशाची ऊर्जा सांगणारी, आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतली एक संख्या; ती ऋण असलेल्या अवकाशकालाला प्रतिडीसिटर म्हणतात. त्यात केंद्रापासून जितके दूर जावे तितके घड्याळ जलद चालते, म्हणून टोलमन यांच्याच नियमाने प्रारण दूरवर थंड थंड होत जाते आणि त्याची एकूण ऊर्जा मर्यादित राहते. भिंत कुठेच नाही, तरी उष्णता कोंडलेली आहे. हॉकिंग आणि डॉन पेज यांनी १९८३ साली या पेटीचा अभ्यास केला. एका ठरावीक तापमानाखाली तिथे कृष्णविवर असूच शकत नाही, केवळ प्रारण असते. त्याच्या वर दोन विवरे शक्य होतात : एक लहान, ऋण उष्माधारकतेचे आणि अस्थिर, दुसरे मोठे, ज्याची उष्माधारकता धन आहे आणि जे प्रारणाबरोबर सुखाने नांदते. तापमान आणखी वाढवले की एका बिंदूपाशी मोठे विवर प्रारणापेक्षा अधिक पसंतीची स्थिती ठरते, पाणी उकळून वाफ व्हावी तसे स्थित्यंतर घडते. अलीकडे विश्वस्थिरांकालाच दाब मानून आणि विवराच्या वस्तुमानाला एन्थाल्पी (आतली ऊर्जा अधिक दाब आणि आकारमान यांचा गुणाकार) समजून या स्थित्यंतरांचा अभ्यास होतो. विद्युतभार असलेल्या विवरांत तर व्हॅन डर वॉल्स यांच्या वायूसारखा क्रांतिक बिंदूही, म्हणजे ज्यापलीकडे दोन अवस्थांतला भेद उरत नाही असा बिंदू, सापडतो. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की पेटी लाकडाची किंवा धातूची न करता ती घड्याळांच्या चालीने तयार झाली आहे.

आपले विश्व मात्र याच्या उलट बाजूला आहे. त्याचा विश्वस्थिरांक धन आहे, आणि अशा विश्वात प्रत्येक निरीक्षकाभोवती त्याचे स्वतःचे एक दूरचे क्षितिज असते. गिबन्स आणि हॉकिंग यांनी त्यालाही तापमान दिले. आपल्या विश्वासाठी ते एका अंशाला एकावर तीस शून्यांनी भागल्यावर येणाऱ्या आकड्याच्या जवळपास दुप्पट आहे. आता अशा विश्वात एक कृष्णविवर ठेवू. आत त्याचे क्षितिज, बाहेर विश्वाचे, आणि दोन्हींची तापमाने वेगळी. उष्णता विवराकडून बाहेर वाहत राहते आणि दोन्ही क्षितिजांना एकत्र लागू होणारे तापमानच सांगता येत नाही. फळ्यावर मी काढलेले अ, ब, क हे चौकोन इथे जुळवताच येत नाहीत, कारण क कुठे ठेवायचा, हाच प्रश्न उरतो.

आणि मग टाउब-नट. अब्राहम टाउब यांनी १९५१ साली आणि न्यूमन, उंटी व टांबुरिनो यांनी १९६३ साली शोधलेला हा आइन्स्टाइन यांच्या समीकरणांचा उकल-अवकाशकाल इतका हट्टी आहे की चार्ल्स मिस्नर यांनी त्याला जवळपास कशाचेही प्रतिउदाहरण असे म्हटले. त्यात वस्तुमानाबरोबर आणखी एक राशी आहे, चुंबकाचा एकच ध्रुव सुटा मिळावा तशी. तिच्यामुळे अक्षावर एक दोष उमटतो, आणि तो पुसायचा तर मिस्नर यांनी दाखवल्याप्रमाणे काळालाच वर्तुळ करावे लागते, तेही काल्पनिक संख्येतल्या नव्हे, तर खऱ्या काळाला. मग भविष्यात चालत गेलेला प्रवासी आपल्याच भूतकाळात पोहोचतो. याच भूमितीच्या काल्पनिक काळाच्या रूपात फेरीची लांबी दोन अटींनी एकाच वेळी ठरते, एक क्षितिजाची आणि एक या दोषाची. आणि त्यातून निघणारी एन्ट्रॉपी, नेहमीच्या कृष्णविवराची योग्य एककांत येते तशी, क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या एक चतुर्थांशाएवढी येत नाही. अक्षावरच्या दोषालाही आपला वाटा द्यावा लागतो. विश्वस्थिरांक ऋण घेतला, तर काही मूल्यांना ती एन्ट्रॉपी ऋण होते, आणि ऋण एन्ट्रॉपीचा अर्थ मोजदादीच्या भाषेत लावता येत नाही. गेल्या काही वर्षांत अक्षावरचा दोष तसाच ठेवून, काळ सरळ ठेवून, पहिला नियम पुन्हा नीट लिहिण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यांत एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या चतुर्थांशावर परत येते, पण त्यासाठी दोषाशी जोडलेली एक नवी राशी नियमात घालावी लागते. कोणता हिशेब निसर्गाचा आहे, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. असा अवकाशकाल आकाशात कुठे असेल, असे मला वाटत नाही. तरीही तो अभ्यासला पाहिजे, कारण क्षेत्रफळ म्हणजे एन्ट्रॉपी हे विधान कुठवर टिकते, हे अशा आडवळणाच्या भूमितीतच तपासता येते.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, याचा सर्वांत धीट विचार मला पद्मनाभन यांच्याकडे आढळला. टेड जेकबसन यांनी १९९५ साली दाखवले होते की अवकाशकालाच्या प्रत्येक बिंदूपाशी त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाचे छोटे क्षितिज घेतले, आणि तिथे उष्णता म्हणजे तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल एवढेच मागितले, तर आइन्स्टाइन यांची समीकरणे आपोआप हाती येतात. पद्मनाभन यांनी २००२ साली उलट दिशेने जाऊन दाखवले की गोलसममित क्षितिजावर आइन्स्टाइन यांची समीकरणे ऊष्मागतिकीच्या पहिल्या नियमाचेच रूप घेतात, आणि पुढची जवळपास वीस वर्षे त्यांनी हा विचार लावून धरला. त्यांचा आधार एकोणिसाव्या शतकातले भौतिकशास्त्रज्ञ बोल्टझमन होते : जे तापवता येते, त्याला सूक्ष्म घटक असतात. पाण्याचे रेणू कुणी पाहिलेले नसतानाही बोल्टझमन यांनी उष्णतेवरून अणूंचे अस्तित्व मानले. अवकाशकाल तापवता येतो, तेव्हा त्यालाही अणू असले पाहिजेत, आणि गुरुत्वाकर्षण हे त्या अणूंचे, लवचिकतेसारखे, मोठ्या प्रमाणावरचे वर्तन आहे. हे सर्वांना मान्य नाही आणि ते सिद्धही झालेले नाही. मला मात्र ते टोलमन यांच्या युक्तिवादाच्या सर्वांत जवळचे वाटते, कारण दोन्हीकडे दुसरा नियम सोडायचा नाही, असा निर्धार आधी आहे आणि भूमिती नंतर येते.

पद्मनाभन १७ सप्टेंबर २०२१ रोजी पुण्यात गेले. त्याआधी काही वर्षे, २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी आयुका सर्वांसाठी खुली असते तेव्हा, मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात असे. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. पायऱ्यांवर बसून मुले डबा खात असत आणि मी मनात हिशेब करत असे, की सर्वांत वरच्या पायरीच्या तुलनेत खालची पायरी समतोलात किती गरम असायला हवी.

त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही. तिला मी आता उत्तर देऊ शकलो असतो, तर ते असे दिले असते : आपल्या कॉलेजची इमारत तीन मजल्यांची, तळापासून वरच्या वर्गापर्यंत सुमारे दहा मीटर. खोलीचे तापमान निरपेक्ष मापाने ३०० अंश. प्रत्येक मीटरला घड्याळाच्या गतीत एकावर सोळा शून्ये इतक्या भागांत एकाहून किंचित अधिक भाग फरक पडतो. म्हणजे तारेने जोडलेली तुझी दोन भांडी समतोलात आली, की खालचे भांडे वरच्यापेक्षा गरम असेल; किती, तर एका अंशाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या सुमारे एक तृतीयांशाने.